सार्वजनिक सूची आणि यांत्रिक उपसा

(संस्थेच्या वार्षिक संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने मला आज येथे बोलण्यास उभे केले, ह्याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. ह्या व्यासपीठावरून आजवर अनेक विद्वानांनी इतिहास, शिक्षण, सहकार असे भारदस्त विषय मांडले. त्यांच्यामागून संगणकाच्या धंद्यात आयुष्य घालविलेल्या माणसाने यावे आणि सार्वजनिक सूची यंत्राला किती वेगाने वाचू द्यावी असला रूक्ष प्रश्न काढावा, हे पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. परंतु हा प्रश्न मी शोधून काढलेला नाही. तो आपल्या संस्थेच्या दारात येऊन बसला आहे, आणि त्याचा निकाल ह्याच संमेलनात व्हावयाचा आहे.

आपल्या संस्थेने काही वर्षांपूर्वी आपली परिचय-सूची संकेतस्थळावर ठेविली. तीत व्यवसायांची यादी आहे, वसतिगृहाच्या माजी विद्यार्थ्यांची आहे, वधूवरांची आहे आणि रक्तदात्यांचीही आहे. ही शेवटची यादी सर्वांना खुली ठेवावी असा आग्रह आपल्या वडील पिढीने धरला होता. रक्त मागावयास येणाऱ्याला ज्ञात विचारावयाची नाही, हे त्यांचे म्हणणे होते. त्या यादीत माझेही नाव आहे. २०२४ च्या पावसाळ्यात एका रात्री अकराच्या सुमारास माझा दूरध्वनी वाजला. अनोळखी क्रमांक होता. त्या दिवशी सकाळपासून कर्ज देऊ करणारे, विमा विकणारे आणि भूखंड दाखविणारे मिळून सहा-सात जणांनी मला छळले होते. हा आठवा, असे समजून मी तो उचलला नाही. दुसऱ्या दिवशी कळले की, एका रुग्णालयातून एक बाई आपल्या नवऱ्यासाठी रक्त शोधीत होती. यादीतील पहिल्या तिघांपैकी कोणीही फोन घेतला नाही, आणि त्या तिघांत मी एक होतो. चौथ्याने घेतला, तो धावला, रोगी बचावला. ह्यात माझे श्रेय काहीच नाही, उलट बोल मात्र आहे.

पुढे चौकशी केली तेव्हा दिसले की, आमचे क्रमांक त्या विक्रेत्यांच्या हाती आपल्याच सूचीतून गेले होते. ते कसे कळले, ते ओघाने सांगेन. तेव्हापासून बऱ्याच दात्यांनी आपली नावे काढून घेतली आहेत. मंडळापुढे आता दोन सूचना आहेत: पहिली, सूची अजिबात बंद करावी, दुसरी, ती फक्त ज्ञातिबांधवांसच परवलीचा शब्द देऊन दाखवावी. मला ह्या दोन्ही सूचना अमान्य आहेत. त्या का अमान्य आहेत हे सांगण्यासाठी मला आपणांस थोडे दूर, अमेरिकेत, न्यावे लागेल. कारण हाच प्रश्न तेथे पन्नास वर्षे चालला आहे आणि त्याचा शेवट काय झाला हे आपल्यापुढे आहे.

इंटरनेटच्या आधी अमेरिकन संरक्षण खात्याच्या आश्रयाने अर्पानेट नावाचे संगणकांचे जाळे चालत असे. त्या जाळ्यावर कोण कोण आहे ह्याची नोंद कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर ह्या विदुषींच्या हाताखाली ठेविली जाई, आणि तिचे छापील पुस्तक निघे. नाव, पत्ता, दूरध्वनी, ई-मेल, सारे त्यात. आपल्याकडे ज्ञातींच्या खानेसुमारीची पुस्तके निघत, त्याच जातीचा तो ग्रंथ; फक्त त्या ज्ञातीत शास्त्रज्ञ आणि सैनिकी अधिकारी होते. १९७८ च्या मे महिन्यात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ह्या संगणक कंपनीचे एक विक्री-व्यवस्थापक गॅरी थुअर्क ह्यांना आपल्या नव्या यंत्रांच्या प्रात्यक्षिकांची जाहिरात करावयाची होती. त्यांनी ते छापील पुस्तक पुढे घेतले, पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे चारशे लोकांचे पत्ते त्यातून काढविले, आणि सर्वांना एकच पत्र धाडले. विनामागणी जाहिरातीचे, ज्याला आज स्पॅम म्हणतात, ते पहिले पत्र म्हणून हे इतिहासात नोंदले गेले आहे. गंमत अशी की, पत्ते इतके झाले की ते पत्त्याच्या रकान्यात मावले नाहीत, उरलेले खालच्या मजकुरात सांडले, आणि त्यांना ते पत्र गेलेच नाही.

ह्या गोष्टीतील एक बारीक तपशील आपण ध्यानात ठेवावा. ते पत्ते एका माणसाने बसून हाताने टंकित केले होते. चारशेवर काम थांबले, ते लाजेने नव्हे. हात थकतात आणि रकाना भरतो म्हणून. छापील पुस्तकाला कुलूप नसते, परंतु त्याच्याभोवती श्रमाची एक अदृश्य भिंत असते. एक नाव शोधणाऱ्याला ती जाणवतही नाही, पुस्तक उघडले की काम झाले. दहा हजार नावे उचलू पाहणाऱ्याला मात्र ती आडवी येते. आपल्या वाडवडिलांनी घरादाराचे पत्ते निर्धास्तपणे छापले, ते ह्या भिंतीच्या भरवशावर. जरी तिचे अस्तित्व त्यांच्या मनातही आले नसेल.

पुढे १९८२ साली त्याच नोंदवहीला संगणकावरून प्रश्न विचारण्याची सोय झाली. तिचे नाव ‘हू-इज’, म्हणजे ‘कोण आहे’. आपण नाव टाकावे आणि तिने माणसाचा पत्ता सांगावा. हेतू निर्मळ होता: एखाद्या ठिकाणच्या संगणकाने जाळ्यावर बिघाड केला, तर त्याच्या चालकाला ताबडतोब गाठता यावे. ती वापरणारे लोक थोडे होते आणि बव्हंशी एकमेकांस ओळखत होते. परंतु ह्याच पायावर पुढे जगभरच्या संकेतस्थळांच्या नावांची नोंद उभी राहिली. कोणीही डोमेन नाव घेतले की त्याचे नाव, घरचा पत्ता, दूरध्वनी व ई-मेल त्या खुल्या सूचीत जाऊ लागले, आणि शेकड्यांची नोंदवही कोट्यवधींची झाली. श्रमाची भिंत मात्र पडली होती. यंत्र यंत्रालाच प्रश्न विचारू लागले, आणि यंत्राला कंटाळा नसतो.

त्या पडलेल्या भिंतीतून प्रथम कोण आत शिरले हे पाहण्यासारखे आहे. न्यूयॉर्कची रजिस्टर डॉट कॉम ही डोमेन नावे नोंदविणारी कंपनी. तिची सूची नियमाप्रमाणे सर्वांस खुली. व्हेरिओ नावाच्या दुसऱ्या कंपनीने एक स्वयंचलित कार्यक्रम रचला. तो रोज नव्याने नोंदल्या गेलेल्या नावांची यादी घेई, प्रत्येक नावाबद्दल रजिस्टर डॉट कॉमच्या सूचीस प्रश्न विचारी, आणि मिळालेले पत्ते विक्रेत्यांच्या हाती देई. माणसाने नवे डोमेन घेतले न घेतले तोच त्याला फोन आणि पत्रे सुरू! प्रकरण २००० साली न्यायालयात गेले. व्हेरिओचे म्हणणे असे की, माहिती सार्वजनिक आहे, अटी आम्हांस उत्तर मिळाल्यानंतर दिसतात, म्हणून त्या आम्हांवर बंधनकारक नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरात मनाईहुकूम निघाला, आणि अपील न्यायालयाने २००४ साली तो कायम केला. त्या निकालातील दृष्टांत मला फार आवडतो. रस्त्याकडेला सफरचंदांची टोपली आहे. वाटसरू एक फळ उचलून चावा घेतो, आणि निघताना त्याला किमतीची पाटी दिसते. पहिल्या दिवशी त्याची अज्ञानाची सबब चालेल. परंतु जो रोज येतो, रोज फळ नेतो आणि रोज पाटी पाहतो, त्याची ही सबब कशी चालावी? न्यायालयाने फळ खाणाऱ्यास दोष दिला नाही. रोजच्या नेण्यास दिला.

कज्जे मात्र महाग असतात, आणि सर्वच चोर न्यायालयाच्या हद्दीत राहत नाहीत. म्हणून सूची सांभाळणाऱ्यांनी तांत्रिक अटकाव सुरू केले. त्यांतील मुख्य उपाय म्हणजे गतीला मर्यादा. त्याची रचना सोपी आहे, ती सांगतो. प्रत्येक विचारणाऱ्याच्या नावे एक भांडे कल्पावे. त्यात दर मिनिटास एक नाणे पडते, आणि दहाहून अधिक नाणी त्यात मावत नाहीत. एक प्रश्न विचारला की एक नाणे जाते. भांडे रिकामे झाले की उत्तर नाही, थांबावे लागते. ज्याला दोन-चार नावे पाहावयाची आहेत त्याला ह्या भांड्याचा पत्ताही लागत नाही. ज्याला सारी सूची उपसावयाची आहे तो मात्र मिनिटास एका थेंबावर येतो. अशा वेळी सर्व्हरने काय उत्तर द्यावे ह्याचाही संकेत २०१२ पासून ठरला आहे. ४२९ हा त्याचा क्रमांक. अर्थ इतकाच की, आपले प्रश्न फार झाले, थोड्या वेळाने यावे. मला ह्या उत्तरातील सभ्यता मोलाची वाटते. त्यात ‘तू कोण’ हा प्रश्न नाही.

दुसरा उपाय कॅप्चा, म्हणजे वेडीवाकडी अक्षरे दाखवून ती वाचावयास लावणे. २००० च्या सुमारास अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या मंडळींनी तो प्रचारात आणला. सातबारा पाहण्यासाठी आपण शासनाच्या संकेतस्थळावर जातो तेव्हा हीच परीक्षा द्यावी लागते. माझ्या ८१ वर्षांच्या मातोश्री ह्या परीक्षेत नेहमी नापास होतात. आणि यंत्रे? ती आता ही अक्षरे आपणांहून चांगली वाचतात. जेव्हा ती वाचू शकत नव्हती तेव्हाही धंदेवाइकांनी अल्प मजुरीवर माणसे बसविली होती; २०१० च्या सुमारास हजार कोडी सोडविण्याचा भाव सुमारे एक डॉलर होता. तेव्हा ह्या उपायावर माझा फारसा विश्वास नाही. तिसरा प्रकार म्हणजे दारावर नुसती पाटी लावणे: यंत्रांनी अमुक पानांवर येऊ नये. १९९४ साली मार्टिन कोस्टर ह्यांनी ही पद्धत सुचविली आणि २०२२ मध्ये तिला रीतसर मानक म्हणून मान्यता मिळाली. सभ्य यंत्रे ती पाळतात. जे असभ्य, त्यांच्यासाठीच तर ही सारी खटपट!

एक शंका येथे साहजिक आहे. चोराला इतके अडविता येत नसेल तर हा खटाटोप कशाला? तिचे उत्तर स्पॅमच्या अर्थशास्त्रात आहे. २००८ साली कॅलिफोर्नियातील काही संशोधकांनी एका स्पॅमच्या मोहिमेत शिरून तिची मोजदाद केली. सुमारे ३५ कोटी पत्रे गेली, आणि त्यांतून विक्री झाली २८ जणांना. हा धंदा जगतो, कारण पत्ता जवळजवळ फुकट मिळतो. तो पत्ता एका पैशाला पडू लागला, तर २८ गिऱ्हाइकांसाठी ३५ लक्ष रुपये मोजावे लागतील, आणि कोणताही शहाणा वाणी ते मोजणार नाही. अभेद्य तट बांधण्याची आपणांस गरज नाही. फुकट ते थोडे महाग केले की पुरे. ‘हू-इज’ची सूची सांभाळणाऱ्या आयकॅन ह्या संस्थेच्या सुरक्षा समितीने २००७ साली एक प्रयोगच केला. अन्यत्र कोठेही न दिलेले ई-मेल पत्ते घालून काही नवी डोमेन नावे नोंदविली, आणि कोणत्या पत्त्यावर किती स्पॅम येते ते पाहिले. खुल्या सूचीतील पत्त्यांवर ते येणारच, हे सिद्ध झाले. जेथे प्रश्नांवर मर्यादा व तत्सम अटकाव होते तेथे ते पुष्कळ कमी आले. आणि जेथे ह्या अटकावाच्या जोडीला मालकाचा खरा पत्ता झाकून मध्यस्थाचा पत्ता दिला होता तेथे सर्वांत कमी.

आपली सूची फुटल्याचे मला कसे कळले, हे सांगण्याचे मी कबूल केले होते. ते ह्याच युक्तीने. त्या रात्रीच्या प्रसंगानंतर मी चिटणिसांच्या संमतीने सूचीत एक खोटी नोंद घातली. नाव कल्पित, क्रमांक माझ्याच एका नव्या सिमकार्डाचा, जो मी कोणासही दिला नव्हता. पंधरा दिवसांत त्या कल्पित गृहस्थाला कर्ज मंजूर झाल्याचा फोन आला! बोलणाऱ्या मुलीने त्यांची आदराने विचारपूस केली. ती बिचारी पोटासाठी फोन करीत होती; तिच्यावर माझा राग नाही.

आता ‘हू-इज’चा शेवट सांगतो, कारण माझ्या म्हणण्याचे मर्म तेथे आहे. अटकाव झाले, पण अपुरे आणि विस्कळित. कोणी मर्यादा घाली, कोणी घालीत नसे. शिवाय कराराच्या एका कलमाने कंपन्यांनी आपली संपूर्ण सूची वर्षाला दहा हजार डॉलरपर्यंत फी घेऊन घाऊक देणेही बंधनकारक होते. घेणाऱ्याने ती स्पॅमसाठी वापरू नये, एवढी अट घालून. खुलेपणाचे कैवारी आणि खासगीपणाचे कैवारी ह्यांचे वाद वर्षानुवर्षे चालले, आणि मधला मार्ग कोणीच मनापासून बांधला नाही. मग २५ मे २०१८ रोजी युरोपचा खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा अमलात आला. त्याचा रोख केवळ स्पॅमवर नव्हता. माणसाची माहिती त्याच्या इच्छेवाचून जगापुढे का मांडता, हा त्याचा मूळ प्रश्न होता. त्या प्रश्नाला ‘हू-इज’कडे उत्तर नव्हते. एका आठवड्यापूर्वी आयकॅनने तात्पुरता नियम काढला, आणि बहुतेक व्यक्तींची नावे, पत्ते व दूरध्वनी त्या सूचीतून झाकले गेले. २०२५ च्या जानेवारीअखेर तर सर्वसाधारण डोमेन नावांसाठी ‘हू-इज’ चालविण्याचे बंधनच उठले, आणि तिच्या जागी नवी पद्धत आली.

ह्यात नुकसान कोणाचे झाले? विक्रेत्यांनी अन्य वाटा शोधल्या. पण फसव्या बँकांची संकेतस्थळे उघडकीस आणणारे संशोधक, स्पॅम पाठविणाऱ्यांचा माग काढणारे स्वयंसेवक, हे त्याच सूचीचे प्रामाणिक गिऱ्हाईक होते. एका भामट्याने एकाच नावाने पन्नास डोमेने घेतली की ती त्यांना एका दृष्टिक्षेपात दिसत. २०१८ नंतर त्यांचे हात बांधले गेले, आणि त्यांनी तशी तक्रार जाहीरपणे केली. उपसणाऱ्याला वेळीच आवरले नाही, की एक दिवस विहिरीवर झाकण पडते, आणि घागर घेऊन आलेला तहानलेला परत जातो.

विहिरीचे नाव निघाले म्हणून, आणि हे ज्ञातिसंस्थेचे व्यासपीठ आहे म्हणून, एक कटू गोष्ट बोलतो. वडीलधाऱ्यांनी रागावू नये. सार्वजनिक पाणवठ्यावर दोन प्रश्न विचारता येतात: कोण आला, आणि किती नेतो. आपल्या समाजाने शतकानुशतके पहिलाच प्रश्न विचारला. १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने बोले ह्यांचा ठराव मान्य करून सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले केले, तरी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. दुसरा प्रश्न, जो न्याय्य होता, तो आपण क्वचितच विचारला. ज्याच्या इंजिनाने गावची विहीर आठ दिवसांत कोरडी केली त्याला कोणी हटकले नाही. आता आपल्या सूचीच्या दारावर आपण पुन्हा पहिलाच प्रश्न कोरणार काय? परवलीचा शब्द फक्त ज्ञातीत वाटला तर रक्त शोधणारी ती बाई दाराबाहेर राहील. ती आपल्या ज्ञातीची नव्हती. आणि सूची उपसणारा आपल्या ज्ञातीचा नसेलच, अशी शपथ कोणी घेईल काय?

ह्या मर्यादेतही उणिवा आहेत, त्या लपविणे योग्य नव्हे. समजा, आपल्या सूचीत सहा हजार नोंदी आहेत. सेकंदास एक नोंद वाचणारे यंत्र ती एक तास चाळीस मिनिटांत संपविते. एका पत्त्यावरून दिवसाला तीसच नोंदी दाखवावयाच्या असे ठरविले, तर त्याला दोनशे दिवस लागतील. हे ऐकून समाधान वाटते. परंतु उपसणाऱ्याने जगभरचे दोनशे आय.पी. पत्ते भाड्याने घेतले, आणि ते सहज मिळतात, तर तेच काम एका दिवसात होते. उलट बाजूने पाहावे, तर आपल्याकडे मोबाइल कंपन्या एकेका आय.पी. पत्त्यामागे असंख्य ग्राहक बसवितात. एकाच्या अपराधासाठी त्या पत्त्यामागचे निरपराधी थांबविले जातील, आणि त्यांत एखादा रात्रीचा गरजूही असेल. म्हणून केवळ विचारणाऱ्याची मोजणी पुरत नाही. साऱ्या सूचीतून मिळून दिवसाकाठी किती नोंदी बाहेर गेल्या, तेही मोजावे लागते. नेहमी चाळीस-पन्नास जातात आणि आज दोन हजार निघाल्या, तर पहारेकऱ्याने जागे व्हावयास हवे, मग त्या दोनशे दारांनी गेलेल्या का असेनात.

सरकारी उदाहरणही घेऊ. २०१८ च्या आरंभी निवडणूक आयोगाने मतदारयाद्या संकेतस्थळांवर अक्षररूपाऐवजी चित्ररूपाने ठेवण्याचे धोरण घेतले. याद्या यंत्राने चाळून मतदारांची माहिती गोळा होऊ नये, हा हेतू. मध्य प्रदेशातील याद्या शोधता येण्याजोग्या अक्षररूपात मिळाव्यात, ही मागणी त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. आयोगाची काळजी खरी आहे, हे मी मान्य करतो. उपाय मात्र मला पटलेला नाही. चित्रातली अक्षरे यंत्र आता वाचते. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याचे काम थोडे लांबते, अडत नाही. आणि आपल्या गल्लीतील दुबार नावे शोधू पाहणारा शिक्षक किंवा कार्यकर्ता मात्र पाने डोळ्यांनी चाळीत बसतो. अडथळा नेणाऱ्याच्या राशीच्या प्रमाणात वाढला पाहिजे. येथे तो सर्वांस सारखाच आहे, म्हणजे दुबळ्यास अधिक.

कायदा आपले रक्षण करील, असेही काहींस वाटते. आपल्या देशाचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले. पण जी माहिती माणसाने स्वतःच सार्वजनिक केली आहे तिला तो कायदा लागू होत नाही. ज्या दात्याने आपला क्रमांक सर्वांसाठी खुला दिला, त्याच्या औदार्याचे रक्षण त्या कलमात शोधून सापडणार नाही. ते ज्याने यादी मांडली त्याने, म्हणजे आपणच, करावयाचे आहे.

तेव्हा मंडळापुढे मी जो मसुदा ठेविला आहे त्यातील मुख्य गोष्टी थोडक्यात सांगतो. रक्तदाते आणि व्यवसाय ह्या याद्या सर्वांस खुल्या राहाव्यात, परंतु एका प्रश्नास फार तर पाच नोंदींचे उत्तर मिळावे. रक्तगट आणि तालुका सांगितल्यावाचून काहीच दिसू नये. नोंदींना आज एकापुढे एक क्रमांक आहेत, १ नंतर २, २ नंतर ३. यंत्राला नुसते मोजता आले की सारी सूची त्याच्या हाती, आणि आमच्या पूर्वीच्या तज्ज्ञांनी, म्हणजे मीच, ही चूक केली आहे. ते क्रमांक बदलून आगापीछा नसलेल्या खुणा द्याव्यात. दात्याचा क्रमांक पडद्यावर न दाखविता मागणाऱ्याचा फोन संस्थेच्या क्रमांकावरून दात्याकडे जोडला जावा, म्हणजे अनोळखी क्रमांकाचे भय उरणार नाही. संस्थेचा क्रमांक दिसला की दात्याने समजावे, रक्ताचेच काम आहे. वधूवरांच्या यादीत छायाचित्र आणि दूरध्वनी हे दोन्ही पक्षांची संमती झाल्यावरच द्यावेत. ही यादी जगाला दाखविण्याचे कारण मला कधीच कळले नाही. खोट्या नोंदी चार असाव्यात आणि दर सहा महिन्यांनी बदलाव्यात. त्या कोणत्या, हे चिटणीस आणि खजिनदार ह्यांनाच माहीत असावे, मलाही नको.

ह्यास खर्च येईल. फोन जोडून देण्याच्या सोयीचे मासिक भाडे पडेल आणि रात्री बिघाड झाल्यास पाहणारा एक माणूस लागेल. विशीतील दोन मुलांनी हे काम आळीपाळीने करण्याचे कबूल केले आहे. ती आज येथे मागच्या रांगेत बसली आहेत आणि माझ्या भाषणाच्या लांबीने कंटाळलेली दिसतात. ज्या दात्यांनी नावे काढून घेतली त्यांच्या घरी मी स्वतः जाऊन आलो. काहींनी पुन्हा नाव देण्याचे मान्य केले, काहींनी व्यवस्था आधी चालू करून दाखवा असे सांगितले. त्यांचे म्हणणे मला रास्त वाटते.

मसुद्याची प्रत कार्यालयात ठेविली आहे. ज्यांस हरकत घ्यावयाची असेल त्यांनी ती उद्याच्या सर्वसाधारण सभेपूर्वी चिटणिसांकडे लेखी द्यावी. आणि ज्यांचे वय व प्रकृती अनुकूल आहे त्यांच्यासाठी दात्यांच्या नोंदीचे कोरे अर्ज दाराजवळच्या मेजावर आहेत.